सॉर्टरच्या डोळ्यातलं कुंकू

खंडेनवमीच्या दिवशी माझ्या मामीने आमच्या मशीनच्या डोळ्यात कुंकू घातलं. तिथून दिवाळीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. माझे निम्मे केस त्या दिवसांत गळाले आणि उरलेले मामाने बोलून बोलून पांढरे केले.

मशीन म्हणजे डाळ निवडायचं मशीन, कलर सॉर्टर. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाक्याच्या थोडं अलीकडे, रस्त्याला लागून मामाची दालमिल आहे. पत्र्याचं शेड, पलीकडे एक ढाबा, आणि मधल्या रस्त्यावर दिवसभर ट्रकांची धूळ. आधी तिथे डाळ हाताने निवडत. गावातल्या आणि तांड्यावरच्या बाया सुपं घेऊन ओळीने बसायच्या, आणि त्यांच्या गप्पांपुढे मिलच्या मोटारीचा आवाज ऐकू यायचा नाही. मी तेव्हा पुण्याला एका कारखान्यात होतो. कॅमेऱ्याखालून नटबोल्ट सरकत जायचे आणि मी पडद्यासमोर बसून त्यांचं पास-नापास बघायचो. शेवटी शेवटी मला माणसंसुद्धा दोनच प्रकारची दिसायला लागली, आटे बसलेली आणि आटे गेलेली. गावी परत यायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं. ते मी मामाच्या गळ्यात हा सॉर्टर बांधून मिळवलं. बाया आता पोती भरतात, शिवतात, आणि सॉर्टरच्या नावाने बोटं मोडतात, कारण त्याच्या फुसफुसाटात गप्पा ऐकू येत नाहीत.

मशीनचं काम असं. वरून डाळ घसरगुंडीवरून खाली येते, एकेक दाणा सुटा. खाली काच, काचेमागे लखलखीत दिवे आणि कॅमेरे. कॅमेऱ्याच्या पोटात नखाएवढी काळसर, चकचकीत चकती असते. तो खरा डोळा. तो सिलिकॉनचा, आणि सिलिकॉन म्हणजे शेवटी वाळूच, म्हणून मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो की कयाधूच्या वाळूला डोळे फुटलेत. त्या चकतीवर हजारो बारीक खण असतात. दाण्यावरचा उजेड ज्या खणात पडला त्यात तेवढी वीज साठते. पिवळ्याधमक दाण्याची भरपूर, जळक्या दाण्याची चिमूटभर. मग स्लॅबच्या दिवशी बाया घमेली हातोहात पुढे देतात ना, तशी या खणातली वीज त्या खणात, त्यातली पुढच्यात, अशी कडेपर्यंत जाते आणि कडेला तिचं मोजमाप होतं. चित्र आत शिरतं ते उजेड होऊन, बाहेर पडतं ते वीज होऊन. विजेने सांगितलं की हा दाणा लाल, म्हणजे जळका आहे, की खालची हवेची नळी फुस्स करते आणि दाणा रिजेक्टच्या खोक्यात. हे सगळं दाणा पडता पडता. तुमची पापणी अर्धी मिटते तोवर मूठभर डाळीचा निकाल लागलेला असतो.

आता मामीचं म्हणणं काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही तिलाच नावं ठेवाल.

आदल्या वर्षी खंडेनवमीला तिने मिलमधल्या प्रत्येक यंत्राला कोरडं कुंकू लावलं होतं. दसरा झाला, आम्ही हवा मारणारा कंप्रेसर सुरू केला, आणि पहिल्याच फुंकरीत सगळं कुंकू उडून पत्र्याला जाऊन बसलं. आम्ही हसलो. त्याच आठवड्यात मामाचा हात पट्ट्यात गेला. मोटार वेळेवर बंद झाली म्हणून हात राहिला, पण दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. आजही मामा हिशोब सांगताना बोटं वर करतो तेव्हा समोरच्याला आकडा कळत नाही. मामीने मात्र एकच हिशोब मांडला: कुंकू उडालं म्हणून हात गेला. त्या हातावर मी माझ्या डोळ्यांनी तिला रडताना पाहिलंय. तेव्हा या वर्षी तिने कुंकू खोबरेल तेलात घट्ट कालवलं. कंप्रेसर काय, वावटळ आली तरी हलू नये असं.

सकाळी आम्ही मशीन पुसून-झाडून आतल्या काचेपुढचे दरवाजे उघडे ठेवले होते; गेल्या वर्षी पूजेला ते बंद होते. मी झेंडूचं तोरण बांधत होतो. मामी हळदीकुंकवाचं ताट घेऊन सॉर्टरसमोर उभी राहिली.

"ह्याचं कपाळ कोणतं बाबा?"

"मामी, ह्याला कपाळ न्हाई. ह्याला नुसते डोळे हायत."

"डोळे हायत तर कपाळ असंलच. डोळे काय हवेत टांगलेत का?"

मी हसून म्हटलं, "बघा मंग तुमीच," आणि तोरणाचं दुसरं टोक बांधायला शिडीवर चढलो. उतरून बघतो तर मामीने पुढच्या काचेवर, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, हळदीचं बोट आणि त्यावर तेलकट कुंकवाचा रुपयाएवढा टिळा लावलेला. लावून ती हात जोडून उभी होती. ओठ हलत होते. मामाचं नाव नवस बोलताना ती घेत नाही, पण कुणासाठी चाललंय ते मला कळत होतं. मी गप्प बसलो. म्हटलं, पूजेचा दिवस आहे, उद्या-परवा मशीन लावताना पुसून टाकू.

दसऱ्यानंतर मशीन लावलं. फडकं घेऊन मी काचेकडे गेलो, तर मागून आवाज:

"काहून?"

मामी दारात उभी. हातात उदबत्ती.

"मामी, काच पुसतो. कॅमेऱ्याला दिसत न्हाई."

"कुंकू पुसतो?"

तिने हे इतक्या हळू विचारलं की माझ्या हातातलं फडकं आपोआप खिशात गेलं. मराठी मुलखात हा प्रश्न ज्याला विचारला गेला त्याला विचारा. तिथे सिलिकॉन, वीज, खण, घमेली काही कामाला येत नाही. तिने माझा हात धरून सरळ स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली की त्या टिळ्याला मी बोट लावणार नाही, दिवसा नाही, तिच्या माघारी नाही, कुणाकडून लावून घेणार नाही. वकिलाला सुचणार नाहीत अशा सगळ्या फटी तिने बुजवल्या. मी शपथ घेतली. दुसरं काय करणार!

आणि मग त्या मशीनने स्वतःच अकलेचा उजेड पाडला. सॉर्टरला काचेवरची धूळ साफ करायला व्हायपर असतो, गाडीच्या काचेला असतो तसा. मधूनमधून तो आपला आपण फिरतो. सुरू केल्याबरोबर तो फिरला आणि रुपयाएवढा टिळा त्याने अर्ध्या काचेवर सारवून टाकला, अंगण सारवावं तसा, एकसारखा, पातळ, गुलाबी. माझ्या शपथेत व्हायपरचा उल्लेख नव्हता, पण त्याने पुसलं नव्हतं, पसरवलं होतं. मामीने उदबत्ती ओवाळली आणि म्हणाली, "बघ, सोता लावून घेऊन राहिलंय."

त्या अर्ध्या काचेतून आता डोळ्याला सगळी डाळ लाल दिसायला लागली. उजेड दाण्यावरून निघायचा पिवळा आणि कुंकवातून गाळून पोचायचा लाल. विजेने इमानदारीत सांगितलं: लाल. फुस्स. पुढचा दाणा? लाल. फुस्स. फुस्स, फुस्स, फुस्स, फुस्स! अख्ख्या मराठवाड्यातले साप एकाच शेडमध्ये भरलेत असा आवाज. चांगली सोन्यासारखी हरभऱ्याची डाळ रिजेक्टच्या खोक्यात धबाधबा पडायला लागली. पोतं शिवणाऱ्या बाया हातातलं सोडून बघायला आल्या. एकजण म्हणाली, "आमी बसलो असतो तर एवढी टाकली असती काय?" दुसरी म्हणाली, "आमाला चहा लागायचा, ह्याला कुंकू लागतंय." आणि हसत हसत गेल्या. मला तेव्हा त्या व्हायपरचे तुकडे तुकडे करून कयाधूत सोडावेसे वाटले.

मी मामाकडे गेलो. मामा बाहेर कडब्याच्या पेंढीवर बसून पान चावत होता.

"मामा, मामीला सांगा. काच पुसल्याबिगर डाळ निघत न्हाई."

मामाने वाकड्या बोटावरचा चुना चाटला. "मी सांगू?"

"मिल तुमची हाय."

"मिल माझी हाय. घर तिचं हाय. मला संध्याकाळी घरी जावं लागतं भाच्या." मग पान गालात सरकवून तो खरं ते बोलला. "हे मशीन तू आणाय लावलं. बाया बसवून डाळ बराबर निघत होती. दिवाळीच्या आत सगळ्या हरभऱ्याची डाळ निघाली पायजेल, एकबी लाल दाणा न्हाई दिसला पायजेल. न्हाईतर दिवाळी झाली की मशीन इकून टाकतो, आन तू ब्याग भर. पुण्याचे नटबोल्ट तुझी वाट बघून राहिलेत."

म्हणजे बायको त्याची, कुंकू तिचं, नटबोल्ट माझे! असा न्याय निजामाच्या काळातसुद्धा कुणी केला नसेल.

दिवाळीचा बेसन-पुरणाचा सगळा बाजार डोक्यावर होता. मशीनची एक बाजू धडधाकट होती. तिकडून डाळ नीट निघायची. पण अर्ध्या मशीनने दिवाळी निघत नाही. मी पडद्यावर जाऊन मशीनची नजर सैल केली. त्याला सांगितलं की थोड्या लालीकडे दुर्लक्ष कर. झालं, त्याने डोळे उघडे ठेवून झोप काढली. जळके दाणे, तांबडे खडे, सालीचे तुकडे, सगळं वाजतगाजत चांगल्या डाळीत गेलं. हिंगोलीचा व्यापारी नमुना बघायला आला. त्याने तळहातावर डाळ घेतली, बोटाने पसरवली आणि मला म्हणाला,

"ही डाळ हाय का मुखवास?"

मामा तिथेच उभा होता. त्याने नुसतं रस्त्याकडे, पुण्याच्या दिशेला बघितलं. पुणं तिकडे नाहीच, वाशीम आहे, पण मला कळायचं ते कळलं. मी नजर पुन्हा कडक केली आणि पुन्हा फुसफूस सुरू.

मग मी मशीन बनवणाऱ्यांच्या इंजिनिअरला व्हिडिओ कॉल लावला. तो दूरच्या कुठल्या शहरात, थंडगार खोलीत बसलेला. मी त्याला काच दाखवली.

"सर, ये ग्लास पे क्या लगा है?"

"कुंकू."

"तो साफ करो ना."

"साफ नहीं कर सकते."

"क्यों? केमिकल है?"

केमिकल असतं तर बरं झालं असतं. मी त्याला समजावून सांगायला लागलो आणि माझ्या हिंदीने मध्येच दगा दिला. तेवढ्यात मामी उदबत्ती घेऊन आली. मी म्हटलं, चला, मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकू दे. फोन तिच्यासमोर धरला. इंजिनिअर हसून म्हणाला, "माताजी, उसको कपड़े से पोंछ दो, एक मिनट का काम है."

मामीने फोनकडे नीट पाहिलं. मग आपल्या कपाळाकडे बोट दाखवलं. "बाबा, तेरा लगन हुआ?"

"हां जी."

"घर में तेरी घरवाली है?"

"है."

"उसका एक मिनट का काम कर के आ पहले. फिर मेरे को बोल."

 मग तो मला म्हणाला, "सर, मैं आपको वापस कॉल करता हूं." मला वाटतं तो त्या दिवशी घरी लवकर गेला असावा. वापस कॉल मात्र आला नाही. मी लावला तर उचलला नाही. मी आठ दिवस त्याच्या कॉलर ट्यूनची भजनं ऐकत होतो. एवढी भजनं मी सप्ताहातसुद्धा ऐकली नाहीत.

चिडचिड अशी होती की रात्री पडलं तरी कानात फुस्स. जेवताना भाताचं शीत लालसर दिसलं तर हात आपोआप ते बाजूला काढायचा. बायका पोती शिवताना मला बघून आपसांत कपाळाला बोट लावायच्या आणि हसायच्या. रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरचे लोक जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होते की त्या मिलमध्ये एक मशीन सवाष्ण झालंय. मी तिकडे चहाला जाणं बंद केलं. आणि सगळ्यात मोठा ताप हा की दोष द्यायला कुणी सापडेना. मामीला द्यावा तर ती नवऱ्याच्या हातासाठी रोज उपाशीपोटी येऊन उदबत्ती लावते. डोळ्याला द्यावा तर बिचारी वाळू, समोर येईल तेवढ्या उजेडाची वीज करते, उजेड कशातून गाळून आला ते तिला काय ठाऊक? मामाला द्यावा तर मामा देऊन घेत नव्हता.

रिजेक्टची डाळ इतकी साचली की खोके पुरेनात. नियम असा होता की रिजेक्ट म्हणजे चुरी, जळके दाणे, साल. ते मामी रोज दुपारी बादलीने नेई आणि आपल्या म्हशीच्या आंबोणात घालत असे. बादली बाया भरून ठेवायच्या, वर पोत्याचा तुकडा टाकायच्या, मामी उचलून न्यायची. म्हशीला पहिल्यांदाच आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं झालं. तिने कडबा सोडला. हिरवा चारा हुंगून बाजूला सारायला लागली. मामीला वाटलं, पूजेचा गुण आला. दूध एवढं दाट झालं की माझ्या मते वाटीत चमचा उभा राहायचा. मामी म्हणते आडवा पडायचा, पण सावकाश.

आणि एका दुपारी म्हशीचं पोट फुगलं.

फुगलं म्हणजे ढोलासारखं. डावी कूस टम्म वर आली, म्हैस खाली बसेना, उठेना, नुसती मान लांब करून घरघर करते. हरभऱ्याची डाळ जनावराच्या पोटात गेली की भिजते आणि वारा धरते, हे गावात कुणालाही विचारा. गुरांचा डॉक्टर आला, त्याने नळी घालून वारा काढला. तो वारा निघाला तेव्हा सेनगावपर्यंत ऐकू गेला असं म्हणतात. डॉक्टरने विचारलं, काय घातलं खायला? मामी म्हणाली, नेहमीचं रिजेक्ट. डॉक्टरने आंबोणाच्या घमेल्यात हात घातला आणि मूठभर बाहेर काढली.

"ही तर पुरणाची डाळ हाय."

मी मिलमध्ये होतो. मामी घरून रस्ता ओलांडून आली तेव्हा दोन्ही बाजूचे ट्रक थांबले होते. हातात बादली. मशीनजवळ येऊन तिने ती जमिनीवर उपडी केली.

"माझ्या म्हशीला पुरण घालून राहिला का रे? मारतो का काय तिला?"

"मी न्हाई मामी. हे मशीन टाकून राहिलं."

"मशीन काहून टाकंल चांगलं धान्य?"

आता बोलण्यात अर्थ नव्हता. दोन आठवडे मी बोलतच होतो. मी तिला रिजेक्टच्या खोक्याजवळ नेलं. तिने बसून दोन्ही हातांनी डाळ वर-खाली केली. एकेक दाणा पिवळा, धड, स्वच्छ. तिच्या कपाळावर आठी पडली. ती म्हणाली, "लाव, लाव ते चालू." मी चालू केलं. फुस्स, फुस्स. डाळ बाहेर. तिला पटेना. म्हणाली, "हरभराच खराब असंल, आतून किडका." मी म्हटलं, बरं. ती तशीच उठली आणि घरी गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात पितळेचा डबा होता. त्यात दिवाळीच्या नैवेद्यासाठी तिने स्वतः, अंगणात बसून, सुपात, भर उन्हात निवडलेली डाळ होती. एक खडा नाही, एक साल नाही. मामीच्या निवडण्याबद्दल पंचक्रोशीत बोललं जातं. तिने निवडलेल्या डाळीत पोपट सोडला तर तो चोच मारायच्या आधी पाय पुसून घेईल.

"हे टाक," ती म्हणाली. "माझ्या हातचं हाय. बघू काय करतंय."

मी शिडीवर चढून तो डबा कुंकवाच्या बाजूच्या घसरगुंडीत रिकामा केला. बाया पोती सोडून भोवती जमल्या. मामाही आला, पान चावायचं थांबवून.

फुस्स.

फुस्स, फुस्स, फुस्स.

मशीनने मामीची डाळ शेवटच्या दाण्यापर्यंत बाहेर फेकली. एकही पास नाही. शेडमध्ये कुणी हसलं नाही, बायासुद्धा नाहीत.  मामी खोक्यात पडलेल्या तिच्या डाळीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. ती खाली बसली, आपली डाळ आणि आमची डाळ एकत्र झालेली बघितली, आणि मग मशीनच्या गुलाबी काचेकडे बघितलं.

"अन्न फेकून राहिलं हे," ती म्हणाली. "माझ्याच हातानं."

मामा पुढे झाला. "राहू दे. मी म्हणतो राहू दे. मशीन इकून टाकू, बाया बसवू. तुझं कुंकू राहू दे." हे बोलताना त्याने वाकड्या बोटांचा हात मागे लपवला होता. मामाला मी पहिल्यांदा कुणाला तरी सोपं जावं म्हणून बोलताना ऐकलं, आणि नेमकं ते माझ्या मुळावर येत होतं.  माझी ब्याग मला खुंटीवर दिसायला लागली.

मामीने त्याच्याकडे पाहिलं नाही. पदर कमरेला खोचला.

"धुते मी," ती म्हणाली. "पुसायचं न्हाई. देवाला आंघोळ घालतो तसं धुवायचं. आन मीच धुणार, तू हात लावायचा न्हाईस."

"बराबर हाय," मी म्हटलं. 

"अजून ऐक. लक्ष्मीपूजनाला मी त्याला परत कुंकू लावणार. बाहेरच्या पत्र्यावर, आतल्या काचेला न्हाई. पर तवर मशीन बिनकुंकवाचं राहणार. म्हणून," ती मामाकडे वळली, "लक्ष्मीपूजन होईस्तोवर तुमी ह्या शेडात पाय ठेवायचा न्हाई."

"आँ?" मामा म्हणाला.

"एक पायबी न्हाई."

"मिल माझी..."

"मिल तुमची हाय. हात माझा हाय," मामी म्हणाली, आणि मामाचा वाकडा हात पुढे ओढून बघितला, जणू अजून जागेवर आहे का ते. मग सोडला.

तिने काच धुतली तो सोहळा मी सांगत नाही. कोमट पाणी, शिकेकाई, मऊ लुगड्याचा तुकडा. मी बाजूला उभा राहून विनवण्या करत होतो की मामी पाणी वरच्या अंगाला जाऊ देऊ नका, तिथे वायर आहे, आणि ती म्हणत होती, मला शिकवू नकोस, चार लेकरं न्हाऊ घातली मी. काच कोरडी झाल्यावर तिने हात जोडले, डोळे पुसले आणि निघून गेली. म्हशीकडे.

मशीन चालू केलं. सॉर्टरने पहिल्यांदा नीट डोळे उघडल्यासारखं झालं. फुस्स कुठेतरी एखादं, आणि बाकी पिवळा धबधबा सरळ पोत्यात.

म्हणजे सगळं मिटलं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण मामा रस्त्यापलीकडे ढाब्यावर बसला होता. बाज टाकून, चहाचे कप समोर ठेवून, मिलच्या दाराकडे तोंड करून. तिथून तो दिवसभर ओरडायचा. ट्रकच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून मग फोन. फोनवर समाधान होईना म्हणून व्हिडिओ. "वर दाखव. खाली दाखव. पोतं उघडून दाखव. हा कोपऱ्यात बसून काय करून राहिला? मशीन हळू काहून चालून राहिलं?" मशीन हळू चालत नव्हतं, नाक्यावर फोनची रेंज हळू चालत होती. आधी मी एकटा मामा सहन करत होतो. आता अख्खा ढाबा फोनमध्ये डोकावून मला सल्ले देत होता. भाकरी थापणारी बाईसुद्धा म्हणाली, "त्या हवेच्या नळीला जरा तेल घाल." हवेच्या नळीला! माझ्या नशिबातलं एक कुंकू गेलं आणि ढाबाभर मामा आले.

व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. पोती तयार होती. मामाने फोनवर हुकूम सोडला की नमुना बघितल्याशिवाय एक पोतं चढवायचं नाही. आत तर त्याला यायचं नाही. तेव्हा मी मूठभर डाळ घेऊन रस्ता ओलांडला.

ढाब्यावाल्याने दिवाळीसाठी बाहेर लाल कापडाचा मांडव घातला होता. मामा त्याखाली बाजेवर बसलेला. मी मूठ उघडली. त्याने वाकून बघितलं आणि ताडकन उभा राहिला.

"लाल हाय हे! सगळं लाल हाय! मी म्हणलं होतं, धुऊनबी काय..."

"मामा, कापड लाल हाय. उन्हात या."

तो थांबला. वर कापडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. ढाब्यावरच्या लोकांकडे बघितलं, की कुणी ऐकलं का. मग सावकाश, कुणीतरी सांगितलं म्हणून नाही तर आपल्यालाच ऊन खायचंय अशा चालीने मांडवाबाहेर आला. हात पुढे केला. मी डाळ त्याच्या तळव्यावर ओतली.

उन्हात ती झळझळीत पिवळी दिसत होती. मामाने वाकड्या बोटाने एकेक दाणा उलटा केला. सुलटा केला. त्याला माझ्यावर ओरडायला एकच दाणा पाहिजे होता, आणि तो इतक्या मन लावून शोधत होता की मलाच वाटलं, असावा एखादा, मिळू दे याला. व्यापारी टेम्पोचा हॉर्न वाजवत होता. मामाने एक दाणा उचलून तोंडात टाकला, कडाकडा चावला.

"बारीक हाय जरा," तो म्हणाला.

"हरभराच तसा होता मामा."

"हं." अजून एक दाणा चावला. "दिवाळी झाली की तुरीची आवक सुरू होईल. तुरीचं साल निराळं असतं, तिला ह्याची नजर कशी लावायची ते आतापासून बघून ठेव. तवा मग मला धावपळ नको."

मी हो म्हटलं. दुसरं काही बोललो असतो तर त्याने परत मागे घेतलं असतं.

"आन टेम्पो भरताना पोती आपटू नको. फुटतात," असं म्हणून मामा उरलेली मूठभर डाळ परत न देता, एकेक दाणा तोंडात टाकत, लाल कापडाखाली आपल्या बाजेवर जाऊन बसला. मी रस्त्याच्या मध्यावर पोचलो नव्हतो तोच खिशात फोन वाजायला लागला.